थंडीत डोंगराला जायचं ते कशासाठी?

(आमच्या रेडिओ कार्यक्रमात पौष महिन्यात झालेलं हे बोलणं. छापण्यासाठी थोडं आवरून घेतलं आहे.)

चुलीपुढं बसून ऐकणाऱ्या आज्यांना, कांद्याच्या वाफ्यात फोन खिशात ठेवून ऐकणाऱ्या ताईंना, सगळ्यांना नमस्कार.

आज आपण सुट्टीविषयी बोलणार आहोत. पोरांच्या शाळेच्या सुट्टीविषयी नाही, आपल्या सुट्टीविषयी.

गटाच्या एका बैठकीत आम्ही सगळ्यांना विचारलं, "तुम्ही शेवटची सुट्टी कधी घेतली?" आधी सगळ्या हसल्या. मग एकेक जण बोलायला लागली. कुणी म्हणाली पंढरीला गेले होते, कुणी म्हणाली अष्टविनायक केले. पण त्या प्रवासातही पहाटे उठून दशम्या करून डबे भरले होते, आणि आल्यावर धुण्याचा ढीग होताच. कुणी माहेरपण सांगितलं, तर तिथंही भावाच्या घरी पोळ्या लाटल्याच. शेवटी एक मावशी हळूच म्हणाल्या, "माझं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा आठ दिवस पडून होते. तीच माझी सुट्टी."

त्या दिवशी आम्ही ठरवलं, या विषयावर नीट बोलायचं. आणि नुसतं बोलायचं नाही, जाऊन यायचं. मागल्या वर्षी आम्ही अकरा जणी दोन रात्रींसाठी आपल्याच पश्चिमेच्या डोंगरात राहून आलो. पावसाळ्यात नाही, भर थंडीत. त्या अनुभवावरून आणि जे वाचलं-ऐकलं त्यावरून आज सांगतो, की थंडीत रानात का जावं, कसं जावं आणि काय सांभाळावं.

बर्फ लांब आहे, थंडी जवळ आहे

थंड हवेच्या ठिकाणी जायचं म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं कुलू-मनाली नाहीतर काश्मीर येतं. मोबाईलवर बर्फात गोळे फेकणाऱ्या बाया दिसतात. आपल्यालाही वाटतं, एकदा तरी जावं. जरूर जावं. पुण्याहून रेल्वेनं तिकडं जाता येतं. मात्र एकाच बाजूच्या प्रवासात दीड दिवसाहून जास्त वेळ जातो. मनाली समुद्रसपाटीपासून साधारण २,००० मीटर उंचीवर आहे आणि पुढची रोहतांग खिंड जवळजवळ ४,००० मीटरवर. इतक्या वर हवा विरळ होते, डोकं दुखतं, धाप लागते. २०२० साली तिथं नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा सुरू झाला, त्यामुळं खिंड न चढताही पलीकडं जाता येतं. तरी सगळे मिळून आठ-दहा दिवस, घरची परवानगी आणि गाठीला चांगले पैसे लागतात. पहिल्याच सुट्टीला एवढं जमत नाही आणि मग आपण म्हणतो, "जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू." ते पुढचं वर्ष काही येत नाही.

म्हणून आमचं म्हणणं असं, की सुरुवात जवळून करा. जुन्नर म्हणजे पुणे जिल्ह्याचं उत्तर टोक. आंबेगाव त्याला लागून. दोन्ही तालुक्यांची पूर्व बाजू उसाची, कांद्याची, टोमॅटोची, द्राक्षाची. पश्चिम बाजू सह्याद्रीची. नाणेघाट, घाटघर, माळशेज, दुर्गवाडी, हातवीज, आहुपे, भीमाशंकरचं रान. लांबचे लोक गाड्या भरून तिथं येतात. २०१८ साली शासनानं जुन्नरला राज्यातला पहिला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं. आणि नारायणगाव-मंचरच्या बाजूच्या आपण कितीतरी जणी तिकडं एकदाही राहायला गेलेल्या नाही.

पहिलं कारण: थंडी कामाशिवाय अनुभवायची

हिमालयात बर्फ पडलं की उत्तरेकडून कोरडा गार वारा खाली सरकतो. तो आपल्यापर्यंत पोचला की रेडिओवर थंडीची लाट असं सांगतात. त्यात आकाश निरभ्र असतं. ढग म्हणजे जमिनीवरची गोधडी. गोधडी नसली की दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर ऊब सोडते आणि पहाटे पारा दहाच्या खाली जातो. त्यात डोंगरावर उंचीचा फरक पडतो. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. भीमाशंकरचा परिसर हजार मीटरच्या आसपास आहे, म्हणजे आपल्या शिवारापेक्षा दोन अंशांचा फरक धरा. शिवाय झाडांच्या सावलीनं दुपारही गार राहते.

तुम्ही म्हणाल, थंडी तर आपल्या रानातही आहे. आहेच. पण आपल्या रानातली थंडी आपल्याला कशी भेटते ते आठवा. रात्री दोनला लाईट येणार म्हणून बारे द्यायला उठायचं. सकाळी सातला गार चिखलात पाय घालून कांद्याची रोपं लावायची. बोटं बधीर झाली तरी हात थांबवायचा नाही. आपल्याला थंडी म्हणजे त्रास एवढंच माहीत आहे. अंगावर शाल घेऊन, हातात चहाचा कप घेऊन, धुक्यातून सूर्य वर येताना नुसतं बघत बसणं हे आमच्यातल्या सात जणींनी आयुष्यात पहिल्यांदा केलं.

आणि झोप. गाढ झोप लागण्यासाठी रात्री शरीराचं तापमान थोडं उतरावं लागतं, आणि गार हवेत ते सहज उतरतं. त्यात पहाटे गजर लावायचा नव्हता. आमच्यातल्या एक आजी, रोज चारला उठणाऱ्या, त्या दिवशी सव्वासातला उठल्या आणि घाबरून म्हणाल्या, "अगं बाई, मला बरं नाही का काय?" त्यांना बरं नव्हतं असं काही नाही. झोप पुरी झाली होती.

दुसरं कारण: रान थंडीतच नीट दिसतं

पावसाळ्यात सगळे धबधब्याला पळतात. रस्त्यावर गाड्यांची रांग, शेवाळावरून पाय घसरायची भीती, धुक्यात चार हातांवरचं दिसत नाही. श्रावणात आणि महाशिवरात्रीला भीमाशंकरला पाय ठेवायला जागा नसते. मार्गशीर्ष-पौषात मात्र हवा स्वच्छ असते. आहुप्याच्या कड्यावर उभं राहिलं की खाली कोकण दिसतं. पहाटे खालच्या दरीत धुकं भरलेलं असतं आणि आपण त्याच्या वर असतो. दुधाच्या पातेल्यावर साय धरावी तसं ते दिसतं.

भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं. ते सुमारे १३० चौरस किलोमीटरचं आहे. पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव-खेडपासून ठाणे आणि रायगड जिल्ह्यापर्यंत पसरलेलं आहे. तिथला मानकरी म्हणजे शेकरू, आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तांबूस पाठ, फिकट पोट, झुबकेदार लांब शेपूट. शेपटीसकट तीन फुटांच्या आसपास भरेल अशी ही मोठी खार. ती सहसा जमिनीवर उतरत नाही. या झाडावरून त्या झाडावर उडी मारत जाते. म्हणून झाडांचे शेंडे एकमेकांना भिडलेले असतील तरच ती जगते. मधली दोन झाडं तोडली तर तिचा रस्ताच तुटतो. काटक्या आणि पानं गोळा करून ती उंच फांदीवर गोल घरटं बांधते. एकच नाही, तीन-चार बांधते. आमच्यातली एक म्हणाली, "माझ्या नावावर एक खोली नाही, आणि हिची चार घरं!"

अंजनी, जांभूळ, हिरडा ही तिथली झाडं. हिरडा तर तुम्हाला औषधाच्या डब्यातून माहीत आहे. इथल्या आदिवासी घरांना बाळहिरड्याच्या वेचणीतून दोन पैसे मिळतात. आणि आहुप्याची देवराई बघाच. देवराई म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान. तिथली वाळकी काटकीसुद्धा सरपणाला न्यायची नाही असा नेम. म्हणून झाडं म्हातारी होईपर्यंत उभी राहतात, गारंबीच्या वेली मांडीएवढ्या जाड होतात आणि जमिनीत पाणी टिकतं. जवळच घोड नदीचा उगम आहे. हीच घोड पुढं डिंभे धरणात अडते आणि तिचंच पाणी कालव्यानं आपल्या शेतात येतं. आपल्या वाफ्यात येणारं पाणी कुठून निघतं ते एकदा डोळ्यांनी बघावं.

"पण बिबट्या?" हे पहिलं वाक्य घरोघरी निघतं. मैत्रिणींनो, बिबट्या आता आपल्याच उसात राहतो. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे ते आपल्याच तालुक्यात. पहाटे उसाच्या कडेनं एकटीनं जाताना जी काळजी घेता तीच तिथं घ्यायची. अंधार पडल्यावर बाहेर भटकायचं नाही, लहान मूल हाताशी ठेवायचं, चौघी मिळून बोलत चालायचं, बॅटरी जवळ ठेवायची.

तिसरं कारण: तिथं एका राणीचा हिशेब कोरलेला आहे

जुन्नरहून घाटघरच्या रस्त्यानं नाणेघाटात जाता येतं. अगदी घाटमाथ्याजवळ गाडी जाते, त्यामुळं गुडघे दुखणाऱ्यांनीही भिऊ नये. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांवरून माल याच घाटानं जुन्नरला यायचा. वर मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकायचे असं परंपरेनं सांगतात.

खरी बघण्यासारखी आहे ती तिथली गुहा. आत भिंतीवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत मोठा लेख कोरलेला आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. तो राणी नागनिकेचा मानला जातो. तिचे पती राजा सातकर्णी गेल्यावर, मुलं लहान असताना तिनं राज्य सांभाळलं असं अभ्यासक मानतात. लेखात कोणते यज्ञ केले आणि दक्षिणेत किती गाई, किती घोडे, किती नाणी दिली त्याचे आकडे आहेत. भारतातल्या सगळ्यांत जुन्या अंकलेखनात त्या आकड्यांची गणती होते.

आम्ही गटाचं रजिस्टर लिहिणाऱ्या बाया. कुणाकडं किती कर्ज, किती व्याज, किती शिल्लक हे ओळीनं मांडणाऱ्या. त्या भिंतीपुढं उभं राहिल्यावर आमची सचिव म्हणाली, "म्हणजे बाईनं हिशेब लिहून ठेवायची रीत आपल्या तालुक्यात दोन हजार वर्षांची आहे." अक्षर एकही वाचता आलं नाही, पण कुणाला तिथून हलावंसं वाटेना. लेखाला हात लावू नका, पाणी मारू नका, त्यावर नावं लिहू नका. दगडही झिजतो.

चौथं कारण: तिथल्या बाईची आणि आपली ओळख

हे कारण सांगायला आम्हाला थोडं जड जातं, पण सांगतो.

आम्ही मुक्कामाला होतो ते एका महादेव कोळी कुटुंबाचं घर. सारवलेली पडवी, मागं भाताचं खाचर, पलीकडं रान. संध्याकाळी घरच्या ताईंनी नाचणीच्या भाकरी आणि हुलग्याचं शेंगोळं वाढलं. जेवता जेवता त्या आमच्यातल्या एकीकडं बघून म्हणाल्या, "ताई, तुमच्याकडं मी टोमॅटो तोडायला आले होते. विहिरीजवळचा प्लॉट तुमचाच ना?"

आमची मैत्रीण गप्प झाली. तिला त्यांचा चेहरा आठवला नाही. भात निघाला की पश्चिमेच्या गावांतल्या कितीतरी बाया कामाला खाली आपल्याकडं येतात. नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर सकाळी उभ्या असतात. आपण दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करतो, टेम्पोत बसवतो, संध्याकाळी सोडतो. नाव विचारत नाही. त्या रात्री त्यांच्याच हातची भाकरी आमच्या ताटात होती.

मैत्रीण म्हणाली, "मी तुम्हाला ओळखलं नाही, ताई." त्या सहज म्हणाल्या, "तुमच्याकडं वीस जणी असतात. माझ्याकडं आज तुम्हीच आहात."

मग त्या रात्री शेकोटीजवळ आमच्यात मोठं बोलणं झालं. आम्ही आयतं जेवलो ही आमची सुट्टी. पण भाकरी तर दुसरी बाईच थापत होती. मग आमची विश्रांती तिच्या कष्टावर झाली का? झालीच. फुकटात किंवा पडत्या भावात झाली असती तर ती विश्रांती नव्हती, नुसतं ओझं एकीच्या डोक्यावरून दुसरीच्या डोक्यावर गेलं असतं. तिचा मोबदला पुरा दिला, तिला मान दिला, तर तो तिचा धंदा आहे. आणि हा धंदा थंडीत मिळाला तर फार उपयोगी पडतो. भात झोडून झालेला असतो, बाळहिरड्याची वेचणी अजून लांब असते आणि पावसाळी गर्दी ओसरलेली असते. या मधल्या दिवसांत घरी चार पाहुणे आले तर खाली मजुरीला उतरण्याचे काही दिवस तरी वाचतात.

त्यांनी सांगितलेला दर आम्हाला कमी वाटला. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गटाच्या सवयीनं वही काढली आणि त्यांच्याबरोबर बसून हिशेब केला. तांदूळ, नाचणी, हुलगे, तेल, चहा-साखर हे त्यांनी धरलं होतं. सरपण धरलं नव्हतं, कारण ते "रानातून आणलेलं". पाणी धरलं नव्हतं, कारण ते "विहिरीवरून आणलेलं". गोधड्या धुणं, अंगण सारवणं, तिघींचे दोन दिवसांचे हात, यांतलं काहीच धरलं नव्हतं. आपण सगळ्या हेच करतो ना? पापड-लोणच्याचा भाव काढताना मालाचा खर्च लावतो आणि स्वतःची मजुरी शून्य धरतो. आम्ही ती मजुरी धरून पैसे दिले आणि पुढच्या पाहुण्यांसाठी नवा दर वहीत लिहून दिला. तुमच्यापैकी कुणी असा मुक्कामाचा व्यवसाय करत असेल तर हा हिशेब जरूर करा: माल, जळण, पाणी, धुणं आणि प्रत्येक हाताची दिवसाची मजुरी.

जायचं ठरलं तर

आता कामाच्या गोष्टी, लिहून घ्या.

दिवस कोणते? आमच्या मते पौष बरा. लग्नं नसतात, त्यामुळं आहेर-मानपानात कुणी अडकत नाही. मार्गशीर्षात जायचं तर गुरुवार टाळा, बहुतेकींचं व्रत असतं. शनिवार-रविवारही टाळा. कांद्याची लागवड उरकली की आठवड्याच्या मधले दिवस धरा.

पैसे कसे? आम्ही दर महिन्याला प्रत्येकी १०० रुपये वेगळे ठेवले. दहा महिन्यांत एकीचे १,००० आणि अकरा जणींचे ११,००० झाले. कर्ज काढून सुट्टी घेऊ नका आणि गटाच्या मुख्य बचतीला हात लावू नका. ही वेगळी पेटी. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे. पंचाहत्तरी पार केलेल्या आज्यांना तर तिकीटच नाही, फक्त वयाचा पुरावा जवळ ठेवा. घोडेगावहून आहुप्याकडं आणि जुन्नरहून घाटघरकडं एसटी जाते, पण फेऱ्या मोजक्या आहेत. वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या. आम्ही ऐकीव वेळेवर विसंबलो आणि परतीची गाडी चुकवली. चूक आमचीच होती. दोन तास फाट्यावर बसलो, पण हसत बसलो.

काय न्यायचं? एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा तीन पातळ कपडे एकावर एक घाला, मधल्या हवेनं ऊब धरते. कानाला मफलर, पायात मोजे, घसरणार नाहीत असे बूट. टाचांना लावायला खोबरेल किंवा व्हॅसलीन, कारण कोरड्या हवेत भेगा पडतात. बीपी-शुगरच्या गोळ्या मोजून घ्या. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, थंडीत दोन्ही बळावतात. थंडीत तहान लागत नाही तरी पाणी प्या. पाळी येणार असेल तर आपलं सामान घ्या आणि वापरलेलं कागदात गुंडाळून परत आणा, रानात टाकू नका.

काय सांभाळायचं? अभयारण्यात वनखात्याच्या नाक्यावर नोंद करा, शुल्क असेल ते भरून पावती घ्या. कड्याला कठडा नसतो, फोटोसाठी टोकाला जाऊ नका. आहुप्याचा घाट उतरायची हौस असेल तर गावातला माहीतगार माणूस घेतल्याशिवाय नको. थंडीत गवत वाळलेलं असतं, एका ठिणगीनं डोंगर पेटतो. म्हणून शेकोटी अंगणातच करायची आणि झोपण्याआधी पाणी ओतून विझवायची. जिथं रेंज नाही तिथं घरचे घाबरतात, म्हणून मुक्कामाच्या घराचा पत्ता आणि शेजारच्या गावातला एखादा फोन नंबर घरी लिहून ठेवा.

आणि घरचं काय?

हा प्रश्न सगळ्यांत अवघड. "तुम्ही सगळ्या गेल्यावर चूल कोण पेटवणार?" आमच्या एका ताईंच्या मालकांनी हेच विचारलं. त्यांच्या सासूबाईंनी उत्तर दिलं, "मी सांगते, तू पेटव." दोन दिवस पिठलं-भात झाला. एक दिवस दूध उतू गेलं. गाईची धार उशिरा निघाली. एवढंच. घर जागेवर होतं.

सगळ्यांकडं असं झालं नाही. एकीला जाऊच दिलं नाही. बारावी म्हणून तिचं नाव वहीत होतं, तिचे १,००० रुपये पेटीत होते. आम्ही ते तिला परत दिले तेव्हा ती म्हणाली, "राहू द्या. पुढच्या वर्षीसाठी." म्हणून आमच्या पेटीत यंदाची पहिली रक्कम तिची आहे. मैत्रिणींनो, एकटीनं विचारलं तर नाही म्हणणं सोपं जातं. गटानं मिळून, तारीख ठरवून, घरी जाऊन विचारलं तर अवघड जातं. यंदा आम्ही तिच्या घरी सगळ्या मिळून जाणार आहोत.

शेवटची एक गोष्ट सांगून थांबतो. निघताना आम्ही त्या घरच्या ताईंना विचारलं, "तुम्ही कधी कुणाकडं आयतं जेवायला, नुसतं राहायला गेलात का?" त्या म्हणाल्या, "आम्हाला कोण बोलावणार?" आम्ही बोलावलं. फेब्रुवारीत, द्राक्षं उतरायच्या वेळी, त्यांच्या गटातल्या सहा जणी आमच्याकडं दोन दिवस येऊन राहिल्या. टोमॅटोच्या त्याच मैत्रिणीच्या घरी मासवडीचा बेत होता. पहिल्या दिवशी त्या सहाही जणी पुन्हा पुन्हा उठून भांड्यांकडं जात होत्या आणि आम्ही पुन्हा पुन्हा त्यांना बसवत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या ओट्यावर पाय पसरून बसल्या. कुणी उठली नाही.

तुमच्या पुढच्या बैठकीत तोच प्रश्न विचारून बघा: शेवटची सुट्टी कधी घेतली? उत्तरं वहीत लिहा आणि आम्हाला कळवा. पुढच्या कार्यक्रमात ती वाचू. तोवर नमस्कार.